डेव्हिड लॉईड जॉर्ज : समाजसुधारणा, युद्धनेतृत्व आणि सत्तेची किंमत

सारांश

डेव्हिड लॉईड जॉर्ज (१८६३–१९४५) हे पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धातील ब्रिटनचे पंतप्रधान व त्याआधीच्या दशकातील प्रमुख समाजसुधारक होते. सुधारक आणि युद्धनेता या त्यांच्या दोन भूमिकांचा स्वतंत्रपणे विचार करण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात त्या दोहोंतील संबंध तपासला आहे. सुधारणांच्या काळात त्यांनी विकसित केलेली राज्ययंत्रणेची दृष्टी युद्धात उपयोगी पडली. मात्र युद्धकाळात सत्ता मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी त्यांनी जो राजकीय आधार स्वीकारला, त्याच आधाराने पुढे त्यांच्या सुधारणांवर मर्यादा घातल्या, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. भारतासंबंधीच्या त्यांच्या धोरणातही हीच विसंगती आढळते.

महत्त्वाच्या संज्ञा : लोकअर्थसंकल्प, राष्ट्रीय विमा, युद्धमंत्रिमंडळ, संयुक्त सरकार, पोलादी चौकट.

१. प्रस्तावना

भारतीय विद्यार्थ्यांना लॉईड जॉर्ज यांचे नाव साधारणतः दोन संदर्भांत परिचित असते. व्हर्सायच्या तहाच्या प्रकरणात विल्सन व क्लेमेन्सो यांच्यासमवेत ते येते, आणि भारतीय प्रशासनाच्या अभ्यासात सनदी सेवेला त्यांनी दिलेल्या ‘पोलादी चौकट’ या उपमेमुळे येते. या दोन संदर्भांमधून उभी राहणारी प्रतिमा साम्राज्यवादी मुत्सद्द्याची आहे. ब्रिटनमधील वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा, आजारी कामगाराला विम्याचे संरक्षण देणारा व उमरावसभेचे अधिकार कमी करण्यास कारणीभूत ठरलेला अर्थमंत्री हाच होता, ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. दोन्ही प्रतिमा खऱ्या आहेत. एकाच व्यक्तीत त्या कशा नांदल्या आणि युद्धाने त्यांचे काय केले, हा प्रश्न लोकशाहीतील नेतृत्वाच्या अभ्यासकांसाठी महत्त्वाचा आहे.

२. जडणघडण

लॉईड जॉर्ज यांचा जन्म १७ जानेवारी १८६३ रोजी मँचेस्टर येथे एका वेल्श कुटुंबात झाला. शिक्षक असलेल्या वडिलांचे १८६४ मध्ये निधन झाल्यावर आई मुलांसह उत्तर वेल्समधील लॅनिस्टमडवी या खेड्यात आपल्या भावाकडे आली. मामा रिचर्ड लॉईड हे व्यवसायाने चर्मकार, जोडे शिवणारे. शिवाय एका लहानशा बाप्टिस्ट पंथीय मंडळीचे विनावेतन उपदेशक होते. भाच्याच्या शिक्षणासाठी त्यांनी स्वतः अभ्यास केला. घरची भाषा वेल्श होती. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नव्हती असे लॉईड जॉर्ज हे ब्रिटनचे एकमेव पंतप्रधान होत.

या परिसरात जमीनदार बहुधा इंग्रजी भाषिक, हुजूर पक्षीय व अधिकृत चर्चचे अनुयायी, तर कुळे व खाणकामगार वेल्श भाषिक व वेगळ्या पंथांचे होते. जमीन, धर्म व भाषा या तिन्ही बाबतींतील अंतर एकाच रेषेवर येत असे. १८८४ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या लॉईड जॉर्ज यांना १८८८ मधील लॅनफ्रॉथेन दफन खटल्याने प्रसिद्धी दिली. भिन्न पंथाच्या एका वृद्ध दगडखाण कामगाराला त्याच्या इच्छेनुसार मुलीशेजारी पुरण्यास तेथील पाद्र्याने मनाई केली होती. लॉईड जॉर्ज यांच्या सल्ल्याने कुटुंबीयांनी दफनभूमीचे फाटक उघडून अंत्यविधी उरकला आणि वरिष्ठ न्यायालयात त्यांचाच पक्ष मान्य झाला. १८९० च्या पोटनिवडणुकीत ते कार्नार्व्हन मतदारसंघातून अवघ्या १८ मतांनी निवडून आले. त्या जागेचे प्रतिनिधित्व त्यांनी १९४५ पर्यंत केले.

बोअर युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. डिसेंबर १९०१ मध्ये बर्मिंगहॅम येथील सभेवर जमावाने हल्ला चढविला तेव्हा त्यांना पोलिसाचा गणवेश घालून निसटावे लागले. पुढे ब्रिटनच्या सर्वांत मोठ्या युद्धाचे नेतृत्व करणारा हा नेता देशभर परिचित झाला तो युद्धाचा विरोधक म्हणून, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. तथापि ते तत्त्वतः अहिंसावादी नव्हते. त्यांचा आक्षेप एका विशिष्ट युद्धाला व त्यावर होणाऱ्या खर्चाला होता.

३. सुधारणांचे पर्व (१९०५–१९१४)

१९०५ मध्ये व्यापार मंडळाचे अध्यक्ष म्हणून लॉईड जॉर्ज प्रथम मंत्री झाले. येथे त्यांच्या कार्यपद्धतीचे वैशिष्ट्य प्रकट झाले. फायलींपेक्षा माणसांशी प्रत्यक्ष बोलणे, परस्परविरोधी हितसंबंध असणाऱ्यांना एकत्र बसविणे आणि तडजोडीला कायद्याचे रूप देणे, ही ती पद्धत होय. १९०७ मधील रेल्वेसंप त्यांनी याच मार्गाने टाळला.

एप्रिल १९०८ मध्ये ॲस्क्विथ पंतप्रधान झाले व लॉईड जॉर्ज अर्थमंत्री झाले. वृद्धांना निवृत्तिवेतन देण्याची योजना ॲस्क्विथ यांच्या अर्थसंकल्पातील होती. तिचे विधेयक संमत करून घेण्याची जबाबदारी लॉईड जॉर्ज यांनी पार पाडली. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरीब व्यक्तींना आठवड्याला पाच शिलिंग टपाल कार्यालयातून मिळू लागले. पहिल्याच वर्षी सहा लाखांहून अधिक वृद्धांनी त्याचा लाभ घेतला. रक्कम अल्प असली तरी ‘पुअर लॉ’च्या मदतीला जो कलंक चिकटलेला होता, तो या वेतनाला नव्हता.

निवृत्तिवेतन आणि नव्या युद्धनौका यांमुळे सुमारे १६० लाख पौंडांची तूट निर्माण झाली. ती भरून काढण्यासाठी २९ एप्रिल १९०९ रोजी मांडलेला अर्थसंकल्प ‘लोकअर्थसंकल्प’ म्हणून ओळखला जातो. मोठ्या उत्पन्नांवर अतिरिक्त कर, वारसा करात वाढ आणि जमिनीच्या मूल्यात आपोआप होणाऱ्या वाढीवर वीस टक्के कर या त्यातील वादग्रस्त तरतुदी होत्या. मालकाने काहीही न करता, केवळ शहर वाढल्यामुळे जमिनीला जे मोल येते त्यात समाजाचा वाटा आहे, हे त्यामागील तत्त्व होते. ३० नोव्हेंबर १९०९ रोजी उमरावसभेने ३५० विरुद्ध ७५ मतांनी तो फेटाळला. त्यातून उद्भवलेला घटनात्मक पेच १९१० मधील दोन सार्वत्रिक निवडणुकांनंतर व १९११ च्या पार्लमेंट कायद्याने सुटला. अर्थविषयक विधेयके अडविण्याचा उमरावसभेचा अधिकार त्यामुळे संपुष्टात आला.

१९११ चा राष्ट्रीय विमा कायदा ही या पर्वातील सर्वांत टिकाऊ निर्मिती मानावी लागेल. जर्मनीतील विमा योजना त्यांनी १९०८ मध्ये तेथे जाऊन पाहिली होती. ब्रिटिश योजनेत पुरुष कामगाराने आठवड्याला चार पेनी, मालकाने तीन व शासनाने दोन पेनी भरावयाचे होते. त्याबदल्यात वैद्यकीय उपचार आणि आजारपणात आठवड्याला दहा शिलिंग भत्ता मिळत असे. काही ठरावीक उद्योगांतील सुमारे साडेबावीस लाख कामगारांना बेकारीचा विमाही लागू झाला. डॉक्टरांची संघटना, खासगी विमा कंपन्या व कामगारांच्या परस्पर साहाय्य संस्था या तिघांशी वाटाघाटी करून हा कायदा आकाराला आला. त्यामुळे त्यात अनेक तडजोडी राहिल्या. कामगाराच्या पत्नीला व मुलांना वैद्यकीय उपचारांचा हक्क मिळाला नाही. तरीही आजारपण व बेकारी ही केवळ व्यक्तीची आपत्ती नसून त्यांचा भार कामगार, मालक व शासन यांनी वाटून घ्यावा, हे तत्त्व कायद्याने मान्य झाले.

हे तत्त्व पुढे भारतातही आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सदस्य असताना प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निर्माण झाला. ब्रिटिश योजनेची ती नक्कल नव्हती. परंतु वर्गणीवर आधारलेल्या सक्तीच्या विम्याची कल्पना दोहोंत समान आहे.

४. युद्धयंत्रणेचे शिल्पकार (१९१४–१९१८)

बेल्जियमवरील जर्मन आक्रमणानंतर लॉईड जॉर्ज यांनी युद्धाला पाठिंबा दिला. १९१५ च्या वसंतात फ्रान्समधील ब्रिटिश तोफखान्याला तोफगोळ्यांची तीव्र टंचाई जाणवू लागली. मे महिन्यात संयुक्त सरकार स्थापन झाले आणि नव्या दारूगोळा मंत्रालयाची सूत्रे लॉईड जॉर्ज यांनी स्वीकारली. अर्थखाते सोडून अस्तित्वात नसलेले खाते घेणे हा राजकीय धोका होता.

या मंत्रालयात त्यांची सुधारणाकाळातील पद्धत मोठ्या प्रमाणावर अवतरली. रेल्वे व कारखान्यांतील अनुभवी व्यवस्थापक त्यांनी थेट शासनात आणले. युद्धाच्या अखेरीपर्यंत दोनशेहून अधिक राष्ट्रीय कारखाने उभे राहिले आणि लाखो स्त्रिया दारूगोळा उत्पादनात सामील झाल्या. कारखान्यांत उपाहारगृहे, विश्रांतिगृहे व कामाच्या तासांचे नियमन यांसाठी स्वतंत्र कल्याण विभाग स्थापन करून तो सीबोम राउंट्री यांच्याकडे सोपविण्यात आला. यॉर्क शहरातील दारिद्र्याची पाहणी करणारे हेच ते संशोधक.

याच यंत्रणेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. जुलै १९१५ च्या युद्धसामग्री कायद्याने दारूगोळ्याच्या कारखान्यांत संप बेकायदेशीर ठरविला आणि मालकाच्या दाखल्याविना नोकरी बदलणे अवघड केले. मालकांच्या नफ्यावर मर्यादा घातली गेली, तरी कामगारांना जाचली ती गतिशीलतेवरील बंदी. २५ डिसेंबर १९१५ रोजी ग्लासगो येथे कामगारांनी लॉईड जॉर्ज यांची सभा गोंधळ घालून बंद पाडली. तिचा वृत्तान्त छापणाऱ्या ‘फॉरवर्ड’ या समाजवादी पत्रावर जानेवारी १९१६ मध्ये बंदी आली. ज्यांच्यासाठी विमा योजना आणली, त्याच वर्गाशी सुधारकाचे नाते येथे प्रथम ताणले गेले.

७ डिसेंबर १९१६ रोजी ॲस्क्विथ यांच्या जागी ते पंतप्रधान झाले. वीसहून अधिक सदस्यांच्या मंत्रिमंडळाऐवजी त्यांनी पाच जणांचे युद्धमंत्रिमंडळ नेमले. मॉरिस हँकी यांच्या देखरेखीखाली मंत्रिमंडळाचे सचिवालय निर्माण होऊन निर्णयांची लेखी नोंद व पाठपुरावा सुरू झाला. ब्रिटिश शासनव्यवस्थेतील ही सुधारणा युद्धानंतरही टिकली. कामगार, जहाजवाहतूक, अन्न व निवृत्तिवेतन यांसाठी नवी मंत्रालये स्थापन झाली. जर्मन पाणबुड्यांनी व्यापारी जहाजांचा संहार चालविला असता १९१७ च्या वसंतात जहाजांचे संरक्षित ताफे पाठविण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. त्याच्या श्रेयाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण त्या दिशेने त्यांचा आग्रह होता, हे निश्चित.

सेनानींवर नियंत्रण ठेवण्यात मात्र त्यांना मर्यादित यश आले. १९१७ मधील पॅशेंडेलच्या मोहिमेविषयी त्यांना शंका होती, तरीही त्यांनी ती थांबविली नाही. याचे कारण त्यांच्या राजकीय स्थितीत होते. त्यांचा स्वतःचा लिबरल पक्ष ॲस्क्विथ यांच्याशी झालेल्या बेबनावाने दुभंगला होता आणि सरकार हुजूर पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते. सेनापती हेग यांना दुखावणे म्हणजे तो पाठिंबा धोक्यात आणणे होते. मे १९१८ मधील मॉरिस प्रकरणावरील मतदानात लिबरल पक्षातील फूट उघड झाली. नेता बलिष्ठ दिसत होता. पण त्याच्या पायाखालील जमीन दुसऱ्याची होती.

५. युद्धोत्तर सुधारणा : तीन सहकाऱ्यांची कथा

युद्ध संपण्यापूर्वीच १९१८ मध्ये दोन महत्त्वाचे कायदे झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदारांची संख्या सुमारे ८० लाखांवरून २ कोटी १० लाखांपर्यंत नेली. तीस वर्षांवरील पात्र स्त्रियांना प्रथमच संसदीय मताधिकार मिळाला. शिक्षणमंत्री फिशर यांच्या कायद्याने शाळा सोडण्याचे किमान वय चौदा ठरविले. नोव्हेंबर १९१८ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथील भाषणात लॉईड जॉर्ज यांनी वीरांना राहण्यायोग्य देश घडविण्याचे आश्वासन दिले. डिसेंबरमधील निवडणुकीत संयुक्त सरकारला प्रचंड बहुमत मिळाले. मात्र त्या बहुमतात हुजूर पक्षाचे सभासद लॉईड जॉर्ज यांच्या लिबरल अनुयायांच्या दुपटीहून अधिक होते.

या आश्वासनाचे पुढे काय झाले, हे दारूगोळा मंत्रालयात काम केलेल्या तीन व्यक्तींच्या वाटचालीवरून स्पष्ट होते. पहिले ख्रिस्तोफर ॲडिसन. पेशाने वैद्यकीय अध्यापक असलेल्या ॲडिसन यांनी विमा कायद्यास साहाय्य केले व दारूगोळा मंत्रालयात प्रथम उपमंत्री, नंतर मंत्री म्हणून काम पाहिले. १९१९ मध्ये ते पहिले आरोग्यमंत्री झाले. त्यांच्या गृहनिर्माण कायद्याने, नगरपालिकांनी बांधलेल्या घरांवरील ठरावीक मर्यादेपलीकडील तोटा शासनाने सोसण्याची हमी दिली. त्यातून सुमारे दोन लाख घरे उभी राहिली. पण युद्धोत्तर महागाईत बांधकामाचा खर्च झपाट्याने वाढला. वृत्तपत्रांनी उधळपट्टीची हाकाटी सुरू करताच १९२१ मध्ये लॉईड जॉर्ज यांनी ॲडिसन यांना आरोग्यखात्यातून हलविले. काही महिन्यांतच ॲडिसन यांनी राजीनामा दिला. पुढे ते मजूर पक्षात गेले.

दुसरे एरिक गेडिस. रेल्वे व्यवस्थापनातून त्यांना लॉईड जॉर्ज यांनीच शासनात आणले होते. १९२१ च्या मध्यास बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली असताना सरकारी खर्च कमी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद गेडिस यांना मिळाले. शिक्षण, आरोग्य व संरक्षण या खात्यांवर तिने सुचविलेली कपात ‘गेडिस यांची कुऱ्हाड’ म्हणून प्रसिद्ध आहे. ज्या कार्यक्षमतेने तोफगोळे वाढविले, तीच आता शाळांच्या खर्चावर चालविली गेली. यापूर्वीच, १९२० मध्ये, लोकअर्थसंकल्पातील जमिनीच्या मूल्यावरील कर रद्द झाले होते. त्यांचे उत्पन्न अल्प होते, हे खरे. तथापि ज्या करांसाठी लॉईड जॉर्ज यांनी उमरावसभेशी झुंज दिली, ते त्यांच्याच पंतप्रधानपदाच्या कारकिर्दीत रद्द व्हावेत, ही घटना बोलकी आहे. १९२० च्या कायद्याने बेकारी विमा एक कोटीहून अधिक कामगारांना लागू झाला, ही या काळातील मोठी जमेची बाजू होय.

तिसरे एडविन माँटेग्यू. १९१६ च्या उत्तरार्धात ते दारूगोळा मंत्री होते. जुलै १९१७ मध्ये भारतमंत्री झाल्यावर त्यांची कारकीर्द भारताच्या इतिहासाशी जोडली गेली.

६. भारताचा अनुभव

२० ऑगस्ट १९१७ रोजी माँटेग्यू यांनी भारतात जबाबदार राज्यपद्धतीची क्रमशः स्थापना हे ब्रिटिश धोरणाचे उद्दिष्ट असल्याचे जाहीर केले. ही घोषणा लॉईड जॉर्ज यांच्या सरकारची होती. दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व मजूर या युद्धात परदेशी पाठविले गेले. त्या सहकार्याची गरज आणि होमरूल चळवळीचा दबाव या दोन्ही गोष्टी तिच्यामागे होत्या.

२ एप्रिल १९१८ रोजी, जर्मन चढाईने दोस्तराष्ट्रे संकटात असताना, लॉईड जॉर्ज यांनी व्हाइसरॉयला संदेश पाठवून भारताने आपले प्रयत्न दुप्पट करावेत, असे आवाहन केले. त्यानुसार दिल्लीत व नंतर प्रांतोप्रांती युद्धपरिषदा भरल्या. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेस लोकमान्य टिळक उपस्थित होते. सहकार्याचा स्वराज्याशी असलेला संबंध ते मांडू लागताच गव्हर्नरांनी त्यांना थांबविले आणि टिळक व न. चिं. केळकर सभात्याग करून बाहेर पडले. ब्रिटनमधील कामगारांना युद्धाचा मोबदला सुधारणांच्या रूपाने देण्याची भाषा करणाऱ्या सरकारला तीच मागणी भारताच्या तोंडी ऐकवली नाही, असा या प्रसंगाचा अर्थ लावता येईल. पुढे पॅरिसच्या शांतता परिषदेत भारताला जागा मिळाली. पण तेथे बसले ते माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा व लॉर्ड सिन्हा. राष्ट्रीय सभेने निवडलेल्या टिळक, गांधी व हसन इमाम यांना तेथे स्थान नव्हते.

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. परंतु त्याच वर्षीच्या जालियनवाला बाग हत्याकांडाने तिच्यावरील विश्वास आधीच नष्ट झाला होता. जनरल डायर याच्यावरील कारवाईचे समर्थन केल्यामुळे हुजूर पक्षीय सभासद माँटेग्यू यांच्यावर संतप्त झाले. तुर्कस्तानविषयक धोरणावर भारत सरकारने दिलेली तार मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांना न विचारता प्रसिद्ध केल्याच्या कारणावरून मार्च १९२२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २ ऑगस्ट १९२२ रोजी, लॉईड जॉर्ज यांनी कॉमन्स सभागृहात भारतीय सनदी सेवेला साऱ्या रचनेची पोलादी चौकट म्हटले. नव्या सुधारणांचा उल्लेख त्यांनी प्रयोग असा केला आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांची गरज संपेल असा काळ आपल्याला दिसत नसल्याचे सूचित केले. १९१७ च्या घोषणेशी हे विधान सुसंगत नव्हते. भारतातील नेमस्तांनाही त्याने अस्वस्थ केले.

७. पदच्युती व उत्तरायुष्य

१९२१ च्या आयरिश तहाने दीर्घकाळचा संघर्ष मिटविला, पण त्याआधी ‘ब्लॅक अँड टॅन्स’च्या दडपशाहीला याच सरकारने वाव दिला होता. पदव्या व मानसन्मान पैसे घेऊन दिल्याच्या आरोपांनी १९२२ मध्ये सरकारची प्रतिष्ठा खालावली. तुर्कस्तानाशी पुन्हा युद्ध ओढवते की काय अशी भीती चनाक प्रकरणाने निर्माण केली. १९ ऑक्टोबर १९२२ रोजी कार्लटन क्लबमध्ये हुजूर पक्षाच्या सभासदांनी संयुक्त सरकारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि त्याच दिवशी लॉईड जॉर्ज यांनी राजीनामा दिला. त्यानंतर त्यांना मंत्रिपद कधीही मिळाले नाही.

१९२९ च्या निवडणुकीत सार्वजनिक बांधकामांद्वारे बेकारी हटविण्याचा आराखडा त्यांनी मांडला. त्याला केन्स यांनी जाहीर पाठिंबा दिला. या काळातील आर्थिक विचारात तो अग्रेसर होता. परंतु तो अमलात आणण्यास पक्ष उरला नव्हता. सप्टेंबर १९३६ मध्ये हिटलरची भेट घेऊन त्यांनी त्याची जाहीर प्रशंसा केली, हा त्यांच्या निर्णयशक्तीवरील गंभीर डाग होय. मे १९४० मध्ये चेंबरलेन यांच्याविरुद्धचे त्यांचे भाषण प्रभावी ठरले. २६ मार्च १९४५ रोजी लॅनिस्टमडवी येथे त्यांचे निधन झाले.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

(१) लॉईड जॉर्ज यांच्या युद्धनेतृत्वाचा उगम त्यांच्या सुधारणाकार्यात होता. तज्ज्ञांना शासनात आणणे, हितसंबंधांची सांगड घालणे व नवी यंत्रणा उभारणे या गोष्टी ते १९०५ ते १९११ या काळात शिकले होते.

(२) युद्धाने राज्यसंस्थेची क्षमता वाढविली. मात्र ती क्षमता कशासाठी वापरावयाची हे सत्तेच्या आधारावर अवलंबून राहिले. ॲडिसन, माँटेग्यू गेले आणि गेडिस यांची शिफारस मान्य झाली, याचे स्पष्टीकरण केवळ आर्थिक मंदीत सापडत नाही. संसदेतील बहुमत कोणाचे होते, हेही पाहावे लागते.

(३) जे कायद्याच्या व संस्थेच्या रूपात रुजले ते टिकले. विमा, निवृत्तिवेतन, मंत्रिमंडळाचे सचिवालय व विस्तारित मताधिकार ही त्याची उदाहरणे होत. जे केवळ नेत्याच्या शब्दावर उभे होते ते त्याच्या सोयीनुसार बदलले. भारताला हा अनुभव विशेष तीव्रतेने आला.

युद्धकाळात नेत्याच्या हाती एकवटलेली सत्ता सुधारणांना गती देते, असे मानण्याचा मोह अभ्यासकांना होतो. लॉईड जॉर्ज यांचे चरित्र त्या समजुतीला अर्धाच आधार देते. ज्या सत्तेमागे सुधारणा मागणारा संघटित पक्ष व समाज नसतो, ती सत्ता सुधारणेचा आरंभ करू शकते, तिचे रक्षण करू शकत नाही.